पांढरीत जेसीबी घालण्याआधी
वाचकांचे प्रश्न, अभ्यासकांची उत्तरे

शेतातली टेकाडं, नांगराला लागणारी खापरं आणि बिगरशेती होऊ घातलेल्या जमिनी, या विषयावर आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. सारख्या प्रश्नांना एकत्रच उत्तर दिलं आहे.

प्रश्न : प्रवरेकाठी आमचं सहा एकर रान आहे. त्यात पाऊण एकराचा उंचवटा असून माती राखाडी-पांढरी आहे. आजोबांच्या काळी तिथली माती गाड्या भरून खत म्हणून नेत. आता सपाटीकरण करून प्लॉट पाडायचा विचार आहे. खापरं निघतात, पण ती कुठे निघत नाहीत? ही जुनी वस्ती आहे की नाही, हे आमचं आम्हाला कसं ओळखता येईल?
— शेतकरी, ता. नेवासे

उत्तर : माती खत म्हणून नेत होते, यातच अर्धं उत्तर आलं. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, शेण, हाडं आणि पडलेल्या भिंतींची माती साठत गेली की त्या मातीत चुना आणि स्फुरद वाढतं, रंग फिका पडतो आणि जमीन आजूबाजूपेक्षा उंच होते. पिकाला ती मानवते, म्हणून लोक ती उचलतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी पांढरी अशाच बैलगाड्यांतून शेतोशेत गेल्या. तुमच्याच तालुक्यातली लाडमोड टेकडी या जातीची. १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं, तेव्हा वर मध्ययुगीन, त्याखाली सातवाहनकालीन आणि तळाला ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या काळातल्या) वस्तीचे थर मिळाले.

ओळखण्यासाठी खणू नका, चाला. पाहणीला सगळ्यात चांगले दिवस म्हणजे नांगरट झाल्यावर पहिले एक-दोन जोरदार पाऊस पडून गेले की पेरणीपर्यंतचे. नांगराने वर आलेली खापरं पावसाने धुतलेली असतात आणि गवत उगवलेलं नसतं. दहा-दहा मीटरवर दोरी किंवा काठ्या लावा आणि त्या रेषेने सरळ चाला. दर दहा पावलांना थांबून साधारण एक मीटर लांब-रुंद चौकोनात किती खापरं दिसतात ते मोजून वहीत लिहा. उंचवट्यावर थांबू नका, त्याच्या बाहेर निदान शंभर मीटर जा. काही उचलू नका. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा आणि मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश टिपून घ्या.

आता फसगत कुठे होते ते सांगतो. उकिरड्यातल्या खतात फुटकी मडकीही असतात आणि खताबरोबर ती शेतभर पांगतात. अशी खापरं विरळ असतात, सगळीकडे सारखी पसरलेली असतात आणि त्यांच्या कडा झिजून गोल झालेल्या असतात. वस्तीच्या जागेवर आकडा एकदम चढतो, पुन्हा उतरतो. तिथली खापरं मोठी, ताज्या धारेची असतात आणि त्यांच्या सोबतीला हाडांचे तुकडे, भाजलेल्या मातीची ढेकळं, पाटा-वरवंट्याचे तुकडे, शंखाच्या बांगड्या, गारगोटीची पाती असतात. कुंभाराची जुनी भट्टी असेल तर खापरं भरपूर मिळतील, पण वेडीवाकडी, जास्त भाजून फुगलेली आणि एकाच घडणीची. तिसरी फसगत गाळाची. तलावातला किंवा कालव्यातला गाळ कोणी टाकला असेल, तर तो कुठून आला हे आधी गावात विचारा.

जवळ जुनी विहीर, ओढ्याची कड किंवा माती काढलेला खड्डा असेल, तर तिथे काही खणायला न लागता काप दिसतो. सकाळच्या तिरप्या उन्हात पाहा. नुसती शेतजमीन असेल तर काळी माती आणि तिच्याखाली पिवळसर माती किंवा मुरूम, एवढंच दिसेल. वस्ती असेल तर राखेच्या करड्या रेघा, चोपून केलेल्या जमिनीचे पातळ कठीण थर, मध्येच वाटीसारखा भरलेला खड्डा, असं काहीतरी दिसतं. अशी एक कड बारकाईने पाहिली की वर सापडलेल्या शंभर खापरांपेक्षा जास्त कळतं, असं आमचं मत आहे.

कागदही पाहा. महसुली दप्तरात ‘बेचिराख’, म्हणजे ओस पडलेली, म्हणून नोंदलेली गावं असतात. जुन्या गावनकाशात आज शेत असलेल्या जागी गावठाण दाखवलेलं असतं. शिवारांच्या नावांतही खूण असते : पांढर, जुनं गाव, गढीचा मळा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ‘इंडियन आर्किऑलॉजी : अ रिव्ह्यू’ या वार्षिकात १९५३-५४ पासूनच्या पाहण्यांत मिळालेल्या स्थळांच्या जिल्हावार नोंदी आहेत. त्यात तुमच्या गावाचं नाव निघालं तर निम्मं काम झालं.

प्रश्न : खापरावरून वय सांगता येतं का? की त्यासाठी प्रयोगशाळाच लागते?
— शिक्षक, शिरूर

उत्तर : अंदाज डोळ्यांनी येतो. तुम्ही शिरूरचे, म्हणजे घोडनदीकाठचं इनामगाव तुमच्याच तालुक्यात. १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन झालं. तिथलं ओळखीचं खापर जोर्वे पद्धतीचं : लाल, त्यावर काळ्या रंगाची रेघारेघांची नक्षी, टिचकी मारली की खणखणीत वाजणारं. वाडग्याच्या अंगाला मध्यावर कंगोरा आणि लोट्याला लांब तोटी. काळ साधारण इ.स.पू. १४०० ते ७००. सातवाहन काळात चकचकीत घोटलेली लाल भांडी, खिळ्यासाठी भोकं पाडलेली सपाट कौलं, मोठ्या आकाराच्या विटा आणि शिशाची किंवा पोटीनची (तांबं, शिसं, कथील यांच्या मिश्रधातूची) नाणी दिसतात. विदर्भात आतून काळं आणि बाहेरून लाल-काळं खापर मिळालं तर लोहयुगाचा विचार करावा. काचेसारखा निळा-हिरवा मुलामा चढवलेलं भांडं मध्ययुगीन असण्याचा संभव जास्त. आणि मातीची चिलीम निघाली तर तो थर साधारणपणे तंबाखू आपल्याकडे रुजल्यानंतरचा, म्हणजे फार तर चारशे वर्षांपूर्वीचा.

एकट्यादुकट्या खापरावर मात्र विसंबू नका. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, भेगा मीटरभर खोल जातात आणि वरची वस्तू तळाशी पडते. पाऊस पडला की भेग मिटते. पुढच्या माणसाला वाटतं, वस्तू त्याच थरातली. काळ्या जमिनीत नुसत्या खोलीवरून वय ठरवणाऱ्याचं गणित चुकतं ते इथे.

प्रश्न : शेतात काही निघालं तर सरकार जमीन घेतं, असं सगळे म्हणतात. म्हणूनच लोक गुपचूप बुजवून टाकतात. खरं काय?
— तीन पत्रांत हाच प्रश्न

उत्तर : खापर निघालं म्हणून सातबारा बदलत नाही. प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळं यांच्याबद्दलच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार एखादं स्थळ राष्ट्रीय महत्त्वाचं म्हणून घोषित झालं तरच बंधनं लागू होतात. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्थळाच्या संरक्षित हद्दीपासून सर्व बाजूंनी १०० मीटर हे प्रतिबंधित क्षेत्र असतं. तिथे नवं बांधकाम करता येत नाही. त्यापुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र. तिथे बांधकाम करता येतं, पण आधी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो आणि तो राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीनुसार निकाली निघतो. राज्य-संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा वेगळा कायदा आहे. जमीन घेण्याआधी आपला गट या हद्दींत येतो का, हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मंडळ कार्यालयात (मुंबई, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर) आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयात लेखी विचारावं. मोजणी संरक्षित हद्दीपासून होते, मधल्या देवळाच्या कळसापासून नाही. प्लॉट विकणारे हा घोळ नेमका घालतात.

उरतं ते घोषित न झालेलं टेकाड, आणि महाराष्ट्रातली बहुसंख्य टेकाडं अशीच आहेत. तिथे सपाटीकरणाआधी पुरातत्त्वीय तपासणी करा, असं सांगणारा सर्वसाधारण नियम आपल्याकडे नाही. म्हणजे भीती आहे ती नसलेल्या कायद्याची, आणि टेकाडं जातात ती त्या भीतीपोटी.

प्रश्न : पाया खणताना नाण्यांचं मडकं मिळालं. कामगाराला मिळालं, जमीन माझी. हक्क कोणाचा?
— नाव न छापण्याच्या अटीवर

उत्तर : १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, किंमत असलेली कोणतीही वस्तू म्हणजे निधी. तिची किंमत १० रुपयांपेक्षा जास्त असेल, आणि आज ती असणारच, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना शक्य तितक्या लवकर लेखी कळवायचं : काय मिळालं, अंदाजे किती, कुठे, कोणत्या तारखेला. वस्तू जवळच्या कोषागारात जमा करायची, किंवा मागतील तेव्हा हजर करण्याचा जामीन द्यायचा. त्यानंतर जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतात. चौकशीची तारीख नोटिशीनंतर चार महिन्यांच्या आधीची नसते आणि सहा महिन्यांच्या पुढचीही नसते. निधी बेवारस ठरला आणि तुमचा दोघांचा आपसात वेगळा करार नसेल, तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे, एक हिस्सा जमीनमालकाचा. सरकारला तो हवा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येतो. लपवलं तर हिस्सा जातोच, शिवाय सापडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. लपवायला मदत करणारा मालकही सुटत नाही.

सोनाराकडे जाऊ नका. नाणी चिंचेने किंवा राखेने घासू नका. मडकं रिकामंही करू नका. नाणी कोणत्या क्रमाने भरली, सगळ्यात नवं नाणं कोणतं, यावरून ते कधी पुरलं हे ठरतं.

प्रश्न : आमच्या संस्थेने कॉलेजसाठी बारा एकर शेतजमीन घेतली आहे. एका कोपऱ्यात पांढरीचं टेकाड आहे. बांधकामाआधी रीतसर तपासणी करायची म्हटलं तर नेमकं काय करतात? आम्ही चार खड्डे घेऊन पाहिले तर चालेल?
— विश्वस्त, जि. जळगाव

उत्तर : जुन्या वस्तूंच्या शोधासाठी खड्डे घेणं म्हणजे पुरातत्त्वीय उत्खनन, आणि त्याला केंद्राची परवानगी लागते. ती विद्यापीठं, संशोधन संस्था, राज्याचा पुरातत्त्व विभाग यांना मिळते. म्हणून पहिलं काम म्हणजे अशा एखाद्या विभागाला पत्र लिहून पाहणीला बोलावणं. परवाने हंगामाच्या हिशेबाने निघतात. तेव्हा पायाभरणीचा मुहूर्त ठरल्यावर नाही, जमीन घेतल्याबरोबर पत्र जायला हवं.

खणण्याआधीची पाहणी वर सांगितली तशीच, फक्त जास्त काटेकोर. सर्व बारा एकरांची चाल, टेकाडाचा अर्ध्या मीटरच्या समोच्च रेषांचा (सारखी उंची जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा आणि जुने हवाई फोटो. यंत्रं लावायची असतील तर आपल्या जमिनीत ती कुठे आंधळी होतात ते आधी समजून घ्या, नाहीतर पैसे पाण्यात. चुंबकमापकाला भाजलेली माती, चूल, भट्टी चांगली दिसते. पण दख्खनचा बेसाल्ट स्वतःच चुंबकीय असल्याने शेतातला प्रत्येक धोंडा आवाज करतो. त्यात पंपाची लोखंडी पाइपलाइन आणि तारेचं कुंपण यांची भर. जमिनीत शिरणारं रडार वाळूत छान चालतं. ओल्या काळ्या चिकणमातीत त्याच्या लहरी हात-दीड हात जाता जाता विरतात. विद्युत्‌रोध मोजणीत खुंट्या मातीला नीट भिडाव्या लागतात. मे महिन्यात भेगांमुळे त्या भिडत नाहीत, जुलैत सगळंच ओलं असल्याने फरक दिसत नाही. पाऊस सरल्यावर माती वाफशाला आली की ही मोजणी करावी. त्यातल्या त्यात पांढरीच्या टेकाडावर, जिथे दगडी पाया किंवा विटांची भिंत असण्याची शक्यता आहे, तिथे ती उपयोगी पडते.

एक साधी युक्ती आहे, ती कोणी वापरत नाही. पायाच्या आराखड्यासाठी तुम्ही माती-परीक्षणाची भोकं पाडणारच. ठेकेदाराला सांगा की वरच्या चार मीटरमधला नमुना फेकायचा नाही, खोली लिहून क्रमाने पेटीत ठेवायचा. राख, कोळसा, खापराचा चुरा किती खोलीपर्यंत येतो हे अभ्यासकाला त्यावरून कळेल. थराची जाडी समजली की पुढच्या सगळ्या खर्चाचा अंदाज बांधता येतो.

परवाना मिळाल्यावर टेकाडावर साधारण ५ मीटर लांब-रुंद चौकोन आखतात. दोन चौकोनांत न खणलेली माती भिंतीसारखी सोडतात, म्हणजे थरांचा काप उभा राहतो. थरागणिक खणायचं, थर कळेनासा झाला तर दहा-दहा सेंटिमीटरने. माती चाळणीतून जाते, राखेची माती पाण्यात कालवून वर तरंगणारे जळके दाणे गाळून घेतात. प्रत्येक पिशवीवर चौकोन, थर, खोली, तारीख. चिठ्ठी आत एक आणि बाहेर एक, कारण बाहेरची उंदीर खातात आणि आतली ओलीने पुसते. चिठ्ठ्या पेन्सिलने लिहायच्या.

पण आमचा पहिला सल्ला खणण्याचा नाहीच. टेकाड मैदानात किंवा बागेत धरा आणि इमारत बाजूला सरकवा. पांढरीची माती भुसभुशीत असते, आत जुने खड्डे, पेवं, पोकळ्या असतात. पाया एकसारखा बसत नाही आणि भिंती तडकतात, हे तुमचा स्थापत्य अभियंताही सांगेल. झाकायचं असेल तर वर जिओटेक्स्टाइलचं कापड पसरा आणि त्यावर वेगळ्या रंगाची, बाहेरून आणलेली माती अर्धा-पाऊण मीटर भरा. पुढे कोणी खणलं तर कापड आणि रंग पाहून थांबेल. जड रोलर फिरवू नका. वड-पिंपळ लावू नका, हिरवळ पुरे.

प्रश्न : इंग्लंडमध्ये आमच्या घरामागच्या शेतात नवी वसाहत होणार आहे. तिथे आधी लांबच लांब चर खणून लोक गुडघ्यावर बसून माती खरवडत होते. काही मिळालंय असंही नव्हतं. मग एवढा खटाटोप कशाला?
— केंब्रिजजवळून

उत्तर : काही आहे का हे कळावं म्हणूनच. तिथे नोव्हेंबर १९९० पासून नियोजनाचं धोरण असं की पुरातत्त्वाचा विचार परवानगी देण्याआधी व्हावा आणि खर्च विकासकाने सोसावा. आधी कागदपत्रांची पाहणी, मग शक्य तिथे चुंबकमापन, मग हे चर. चर बहुधा ३० किंवा ५० मीटर लांब आणि दोन मीटरच्या आसपास रुंद असतात आणि एकूण क्षेत्राच्या दोन ते पाच टक्के भागावर घेतात. पाच हेक्टरांचं शेत चार टक्क्यांनी तपासायचं तर २,००० चौरस मीटर, म्हणजे ५० बाय दोनचे वीस चर. खणणाऱ्या यंत्राला दात नसलेली रुंद बकेट लावतात. दातांनी माती ओरबाडली जाते आणि रंगातला फरक दिसत नाही. नांगरटीची वरची माती पातळ पापुद्र्यांनी काढत जायचं आणि खालच्या मातीत गडद डाग दिसला की थांबायचं. तो डाग म्हणजे कधी जुना खड्डा, कधी खांबाचं भोक, कधी चर. मग त्याचा अर्धाच भाग हाताने खणतात, म्हणजे उरलेल्या अर्ध्यात काप दिसतो.

ही पद्धत उचलून खानदेशात किंवा मराठवाड्यात जशीच्या तशी चालणार नाही. इंग्लंडमध्ये बहुतेक शेतांत नांगरटीच्या थराखाली लगेच खूण दिसते. आपल्याकडे पांढरीवर कित्येक मीटरचे थर एकावर एक असतात आणि काळ्या मातीत खड्ड्याची कड भेगांनी पुसून गेलेली असते. पण बिनदाती बकेट, पातळ पापुद्रे आणि शेजारी नजर ठेवायला एक जाणकार, एवढं तरी इथल्या सपाट शेतात उद्यापासून करता येईल.

प्रश्न : हिंगण्याकडे आमच्या लेआउटमध्ये धोंड्यांची मोठी गोल रिंगणं आहेत. ठेकेदार ते धोंडे कुंपणाच्या पायात घालायचं म्हणतो.
— प्लॉटधारक, नागपूर

उत्तर : आजच थांबवा. ही लोहयुगातली शिळावर्तुळं असणार. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड ही याच पट्ट्यातली नावं. मधल्या मुरूम-गोट्यांच्या भरावाखाली दफन असतं. माहुरझरीला घोड्याचे अवशेष आणि त्याचा तांब्याचा साज मिळाला आहे. नागपूर जिल्ह्यातली अनेक वर्तुळं केंद्र-संरक्षित आहेत, त्यामुळे नागपूर मंडळाकडून हद्द तपासल्याशिवाय एकही धोंडा हलवू नका. प्रत्येक रिंगणाचा व्यास, धोंड्यांची संख्या आणि स्थान टिपून नकाशा करा. लेआउटमधली खुली जागा कायद्याने सोडावीच लागते, ती या रिंगणांवर धरा. म्हणजे कोणाचा प्लॉटही जात नाही.

प्रश्न : काम चालू असतानाच चरात दोन मडकी तोंडाला तोंड लावून ठेवलेली दिसली, आत हाडं आहेत. आत्ता काय करू?
— साइट सुपरवायझर, जि. अहिल्यानगर

उत्तर : यंत्र बंद करून मागे घ्या. मडक्याभोवती निदान पाच मीटर फिती लावा. हाडं माणसाची असू शकतात, म्हणून पोलीस पाटील आणि ठाण्याला कळवा, तहसीलदारांनाही. सोबत संचालनालयाला फोटोसह कळवा. तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत लहान मुलाचं दफन ही ताम्रपाषाणयुगातली माहीत असलेली रीत आहे. ती घराच्या जमिनीखाली असायची, तेव्हा आजूबाजूला घरही असणार.

फोटो घ्या : आधी लांबून, मग जवळून, शेजारी मोजपट्टी, वहीवर उत्तर दिशेचा बाण. जमिनीपासूनची खोली टेपने मोजा. चराची कड फावड्याने सरळ करू नका, आहे तशी टिपा. मडकी उचलायची नाहीत. ओलसर सुती कापड, त्यावर प्लॅस्टिक आणि वर सावली. उघडी हाडं कडक उन्हात वाळली की तडकतात.

वस्तू जागेवरून हलली की काय होतं, याचा दाखला तुमच्याच जिल्ह्यात आहे. दायमाबादला १९७४ मध्ये झाडोऱ्याचं मूळ खणताना एका गावकऱ्याला ब्राँझची चार शिल्पं मिळाली : बैलांचा रथ, रेडा, हत्ती, गेंडा. मिळून साठ किलोंच्या वर वजन. पण ती रीतसर उत्खननात, थरातून निघालेली नव्हती, म्हणून त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद झाला. उलट बाजूही पाहा. नेवाशाच्या दफनात मुलाच्या गळ्यातल्या तांब्याच्या मण्यांत धागा टिकला, तो तांब्याच्या गंजामुळेच. तेव्हा मडक्यात हिरवट मणी दिसले तर पुसू नका, ओवू नका, मोजायलाही हात घालू नका. अभ्यासक येईपर्यंत काम चराच्या दुसऱ्या टोकाला वळवा आणि रात्री तिथे एक माणूस बसवा.